उद्यापनानंतरची ऋषिपंचमी

"बाई, आंधीझाड़ा ले लो, ऋषि पंचमी का. पूरी एक सौ आठ डंडी है, गिन लो चाहे तो."

जुनी इंदूरच्या बाजारात भाद्रपदाच्या तोंडावर ही हाक येतेच. फुटपाथवर दुर्वांच्या जुड्या, केवड्याची कणसं, पत्रीचे वाटे आणि त्यांच्या शेजारी ओल्या फडक्याखाली आघाड्याच्या काड्या. मराठीत आघाडा, इकडे आंधीझाड़ा. नाव कुठलंही घ्या, साडीला चिकटला की सोडत नाही. ही बाई दरवर्षी हाक मारते आणि दरवर्षी मी मान हलवून पुढे जाते. यंदा ती म्हणाली, "आपका तो उद्यापन हो गया होगा, है ना?" माझे पांढरे केस बघून तिनं अंदाज बांधला असणार. मी तिच्यावर चिडले. बिचारीनं विचारण्यासारखंच विचारलं होतं. पण त्या एका शब्दावर माझं डोकं फिरतं, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

ज्यांच्या घरी हे व्रत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाळीच्या दिवसांत बाईच्या हातून कळत-नकळत शिवाशिव होते, त्याचं पाप लागतं आणि ते धुवून निघावं म्हणून ऋषिपंचमी करायची. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी. पहाटे आघाड्याच्या एकशे आठ काड्यांनी दात घासायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, सात ऋषींची आणि अरुंधतीची पूजा मांडायची आणि बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. पाळी कायमची गेली, की उद्यापन करायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या आईनं एकोणपन्नासाव्या वर्षी उद्यापन केलं. गुरुजी दक्षिणा घेऊन उठताना म्हणाले, "सुटलात हो वहिनी," आणि आई इतकी मोकळी हसली, की मला तेव्हा नवल वाटलं. बारा-तेराव्या वर्षापासून अंगाला चिकटलेलं कसलंसं ओझं तिनं त्या दिवशी खाली ठेवलं होतं. दोन वर्षांनी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली.

आता मी तिच्या वयाची आहे. गाठही झाली, ऑपरेशनही झालं आणि सहा महिन्यांपासून मीही एक गोळी घेते. सकाळी पोहे खाल्ले की गोळी. पाळी गेलेल्या बाईच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं, आणि काही गाठी त्याच्यावरच पोसतात. माझी गोळी ते तयारच होऊ देत नाही. आईच्या वेळी हे औषध नव्हतं. तिची गोळी इस्ट्रोजेनला पेशींच्या दाराशी अडवून धरायची. टॅमोक्सिफेन तिचं नाव. आईला ते कधी म्हणता आलं नाही, ती 'माझी पांढरी' म्हणायची. रस्ता वेगळा, काम एकच: गाठीची रसद तोडायची. माझे गुडघे सकाळी पायऱ्या उतरताना कुरकुरतात, हाडांची तपासणी करून घ्यावी लागते, घाम फुटतो. पण गोळीवर माझा राग नाही. आईच्या गोळीवरही नव्हता. गोळीनं तिचं काम चोख केलं. काम केलं नाही ते मी.

आईची गोळी सुरू झाली त्या दिवशी दवाखान्यात मीच होते तिच्याबरोबर. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, विज्ञान शिकत होते, त्यामुळे 'डॉक्टरांशी हीच बोलेल' असं घरात ठरूनच गेलं होतं. बाबा बाहेर कॉरिडॉरमध्ये, हातात पिशवी धरून. बायकांच्या तपासणीच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. आई पडद्याआड ब्लाउज घालत होती. ऑपरेशननंतर एका हाताला अजून जोर नव्हता, तिला वेळ लागत होता. डॉक्टरीणबाई टेबलाशी बसून चिठ्ठी लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता हळू आवाजात माझ्याशी बोलत होत्या.

"देखो बेटा, ये गोली पाँच साल चलेगी. रोज़, एक ही टाइम पर. एक दिन भूल गई तो दूसरे दिन डबल नहीं देना. गर्मी लगेगी, पसीना आएगा, उससे घबराकर बंद नहीं करना. पिंडली में दर्द हो, पैर सूजे, साँस फूले, तो फौरन लेकर आना." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "और सबसे ज़रूरी बात. मम्मी की माहवारी बंद हो चुकी है. अब एक धब्बा भी दिखे, तो उसी दिन आना. ये गोली छाती को बचाती है, पर कभी-कभी बच्चेदानी के अस्तर को बिगाड़ देती है. मम्मी को ठीक से समझा देना."

मी "जी" म्हटलं. पडदा सरकला, आई पदर सारखा करत बाहेर आली. "काय गं, काय म्हणाल्या?" "घरी गेल्यावर सांगते," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी एका वहीचं पान फाडलं आणि छान अक्षरात लिहून काढलं. एक: गोळी रोज ठरल्या वेळी. दोन: विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन नाही. तीन: घाम, वाफा आल्या तरी बंद करायची नाही. चार: पोटरी दुखली, पाय सुजला, दम लागला तर लगेच डॉक्टर. पाचवा आकडा घातला आणि पेन थांबलं. हा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर लागणार होता. तिथे बाबा चहा घ्यायला यायचे. भाऊबीजेला मामा यायचा. आमच्या घरी पाळी हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता. कावळा शिवायचा, नाहीतर 'अडचण' असायची. तो शब्द बाबांच्या नजरेच्या उंचीवर, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात? मी पाचच्या पुढे लिहिलं, 'इतर काही वाटल्यास डॉक्टरांना विचारणे.' आणि कणकेची खळ करून कागद चिकटवून टाकला.

तोंडी सांगेन, असं मी स्वतःला सांगितलं. एकदा ती भाजी निवडत असताना सांगायला गेले, तर शेजारीण आली. मग परीक्षा आली. मग वाटलं, हिची तर पाळी कधीच गेली, उद्यापनसुद्धा झालं, आता कशाला हा विषय. विज्ञान शिकणाऱ्या मुलीनं उद्यापनावर भरवसा ठेवला. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईच्या पोटावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "सब समझा दिया ना मम्मी को?" मी 'हो' म्हणून मान हलवली. त्याच्या पुढच्या वेळीही हलवली.

गोळी मात्र आईनं एक दिवस चुकवली नाही. ठरलेली वेळ म्हणजे कुठली, तर सकाळचा मिलचा भोंगा. बाबा कापडाच्या मिलमध्ये टाइम ऑफिसात होते. आमचं सगळं घर त्या भोंग्यावर चालायचं; दूध तापायचं भोंग्यावर, नळावर नंबर लागायचा भोंग्यावर, माझी वेणी घातली जायची भोंग्यावर. तसाच भोंगा झाला की आई कपाटातून पट्टी काढायची, गोळी तळहातावर घेऊन आधी कपाळाला लावायची, मग पाण्याबरोबर गिळायची. औषधाला नमस्कार करायची तिची रीत होती.

मग भोंगा बंद झाला. त्या वर्षांत आमच्या शहरातल्या मिली एकामागून एक गपगार होत होत्या. पेपरात रोज नव्या धोरणाचं कौतुक असायचं, चौकात परदेशी कोल्ड्रिंकच्या पाट्या लागत होत्या, ज्याच्या-त्याच्या जिन्यात कॉम्प्युटरचे क्लास उघडत होते आणि आमच्या गल्लीतली मोठी माणसं दिवसाढवळ्या ओट्यावर बसलेली दिसायला लागली होती. हे मला सगळ्यात विचित्र वाटायचं. बाप दुपारी घरी दिसणं म्हणजे कुणीतरी आजारी असणं, असं तोवर समीकरण होतं. बाबा पुढे पोलोग्राउंडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायला जायला लागले, पण मधले काही महिने ते घरीच होते. पहिल्याच सकाळी भोंगा झाला नाही आणि आई पट्टी हातात घेऊन उभी राहिली. "किती वाजले हो?" बाबा अंगणात गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि खच्चून भोंगा काढला. "भोंऽऽऽ!" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "झाला गं भोंगा," ते आत येऊन गंभीरपणे म्हणाले. आई पदर तोंडाला लावून इतकी हसली, की गोळी गिळायला तिला थोडं थांबावं लागलं. त्यानंतर रोज सकाळी बाबांचा भोंगा व्हायचा.

मिलबरोबर मिलच्या लोकांचं विमा कार्डही गेलं आणि कार्डाबरोबर तो दवाखाना. दुसरीकडे दाखवू, असं बाबा म्हणायचे. आई उडवून लावायची. "धडधाकट माणसानं दवाखान्यात कशाला बसायचं फालतू में? गोळी घेते ना मी टायमावर." गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जुन्या चिठ्ठीवर मिळायच्या. दुकानदार ओळखीचा झाला होता. "भिया, वही वाली ना?" एवढंच तो बाबांना विचारायचा. गोळी घरात येत राहिली, पण तिच्याबरोबर येणारा डॉक्टरीणबाईंचा प्रश्न यायचा बंद झाला. आता तो प्रश्न आमच्या घरात फक्त मला माहीत होता.

गोळी सुरू होऊन तिसरं वर्ष लागलं असेल. त्या ज्येष्ठात वटपौर्णिमेला आई वडाकडे गेली नाही. पाठ धरली आहे, म्हणाली. आषाढात एक दिवस देवपूजा मला करायला लावली; हाताला भाजलंय, म्हणाली. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागला. आईनं आपल्या लेकरांसाठी जिवतीची पूजा करायची असते. पहिल्या शुक्रवारी तिनं केली, दुसऱ्या शुक्रवारी मला हाक मारली. "तू लाव गं दिवा आज. मला वाकवत नै." मी वैतागले. "म्हणजे मीच माझ्यासाठी पूजा करू?" तरी लावला दिवा, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून लांबून हात जोडत होती. उंबरा ओलांडून आत आली नाही. आमच्या घरात लांबून हात कोण जोडतं आणि कधी, हे मला चांगलं माहीत होतं. चार दिवस मीही तशीच तर उभी राहायचे. बघूनही दिसलं नाही, ही माझी तऱ्हा.

मग भाद्रपद आला. मिल बंद होती तरी मिलच्या कामगारांची झाँकी, म्हणजे गणपतीचा चित्ररथ, निघणार होती. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत ती निघाली नाही तर गाव काय म्हणेल, म्हणून जुनी माणसं दुपारभर शेडमध्ये बांबू आणि पुठ्ठे घेऊन खपत होती. बाबाही जायचे. एके दिवशी ते निघाले तेव्हा आई म्हणाली, "अहो, येताना आंधीझाड़ा आणाल का? बाजारातला सुकलेला असतो."

मी पुस्तकातून मान वर केली. "आई, तुझं तर उद्यापन झालंय ना? परत काय? परवान्याचं रिन्यूअल करतेस का?"

ती हसली. मला आठवतं, ती हसली. "चल हट, नालायक. वाटलं करावंसं." मग बाबांकडे बघून म्हणाली, "मिल सुरू व्हावी म्हणून धरतेय."

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. देवधर्माच्या बाबतीत ते थट्टेखोर. पण त्या दिवशी चप्पल घालता घालता थांबले. "गेटापाशी ढेर सारा उगवलाय," एवढंच म्हणाले. पूर्वी मिलच्या आवारात गवताची काडी टिकू देत नसत. आता कुलूप लावलेल्या फाटकाच्या दोन्ही बाजूंनी आघाडा कमरेइतका वाढला होता. जिथे उभं राहून त्यांनी उशिरा येणाऱ्या माणसांची नावं टिपली होती, तिथे वाकून बाबांनी आघाड्याच्या काड्या तोडल्या. एकशे आठ, एकेक निवडून. संध्याकाळी घरी आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत आघाड्याच्या बियांनी भरलेली होती. आई अंगणात बसून त्या एकेक काढत होती, आणि ते तिला झाँकीतला हत्ती कसा कान हलवणार आहे ते सांगत होते. दोघं सुखात दिसत होती. मी ते दृश्य बघून आत गेले.

ऋषिपंचमीच्या सकाळी आम्ही दोघी भाजी निवडायला बसलो. ऋषीची भाजी ही एरवी आमच्या चेष्टेची गोष्ट. अळू, माठ, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एकत्र, तेल नाही, मसाला नाही. सोबत मोरधन, म्हणजे मराठी मुलखातली वरी. आईचे केस नुकतेच न्हायल्यानं ओले होते. त्यांच्यातून पाणी ठिबकून तिच्या पाठीवरची पातळ साडी भिजत होती आणि मान मला अगदी बारीक वाटली. रंग उतरलेला होता. अळूची देठं सोलता सोलता तिचे हात थांबले.

"अगं, ऐक ना," ती म्हणाली.

"आई, उद्या माझं प्रॅक्टिकल आहे. जल्दी कर ना."

"बरं, बरं. काही नाही. ते देठ नीट सोल, नाहीतर घसा खाजेल."

एवढंच झालं. मी देठ नीट सोलले. पूजा झाली, तिनं सात सुपाऱ्यांपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मिलसाठी केवढी मनापासून मागतेय, असं मला वाटलं. झाँकीच्या दिवशी ती आली नाही. उभं राहवत नाही, म्हणाली. हत्तीनं कान हलवले की नाही, हे तिला बाबांनी येऊन सांगितलं.

दिवाळीच्या आधी आम्ही चकल्या करत होतो. ती पाटावर बसून सोऱ्या दाबत होती, मी तळत होते. पीठ संपलं म्हणून ती उठायला गेली, आणि भिंत धरून परत खाली बसली. मी हात द्यायला वाकले. पाट लाल झाला होता. लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत लाल. आई माझ्याकडे न बघता पदरानं पाट पुसायला लागली.

"शिवू नकोस," ती म्हणाली. "जेठापासून परत सुरू झालीय गं. मला वाटलं, जाईल. उद्यापनात माझंच काहीतरी चुकलं असणार. पोचलं नाही ते. म्हणून तर परत पंचमी केली मी. कोणाला सांगू नकोस, लोक हसतील. या वयात..."

कढईतल्या चकल्या करपत होत्या. तो वास मला अजूनही कुठे आला, की मी उठून निघून जाते. तिला वाटत होतं, ती शरमेची गोष्ट मला सांगते आहे. आणि मी तिच्यासमोर उभी होते, कपाटाच्या दाराला पाठ लावून. माझ्या पाठीमागे तो कागद होता. पाच: इतर काही वाटल्यास.

बाबांनी कुठून कुठून ओळखी काढून त्याच डॉक्टरीणबाई शोधल्या. तपासण्या झाल्या, पिशवीच्या आतला तुकडा काढून पाठवला, रिपोर्ट आला. या वेळी बाबाही आत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. आजार गर्भाशयाच्या भिंती ओलांडून गेला होता.

"कब से दिख रहा था?"

"जेठ से," आई म्हणाली.

"पाँच महीने! जेठ में आतीं तो शायद बच्चेदानी निकालकर छुट्टी हो जाती. मैंने आपकी बेटी को साफ़-साफ़ बताया था, एक धब्बा भी दिखे तो..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. आईनं सावकाश माझ्याकडे मान वळवली. तिला तिथेच, त्या क्षणी सगळं कळलं. माझा चेहरा लपवण्यासारखा नव्हताच. तिनं एकदा डोळे मिटून उघडले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हाँ जी, बताया था इसने. घर आते ही बताया था. मैं ही भूल गई. उमर हो गई ना."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, बोलले नाही. आयुष्यातली ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिली वेळ होती तेव्हा मी अजाण होते असं म्हणता येईल. या वेळी मला सगळं माहीत होतं.

ती पुढच्या आषाढात गेली. मधल्या आठ महिन्यांत ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, केस गेले, दुखणं वाढत गेलं. एवढ्या दिवसांत तिनं एकदाही, चुकून, रागाच्या भरात, वेदनेच्या ग्लानीत, मला तो प्रश्न विचारला नाही. मी तिचे पाय चेपायचे, तेव्हा ती माझ्या प्रॅक्टिकलची चौकशी करायची. लोक म्हणतात, आईनं माफ केलं म्हणजे सुटलीस की. गुरुजीही तसंच म्हणाले होते तिला, सुटलात हो वहिनी. मी न मागता तिनं माफ करून टाकलं आणि मागायला जागाच ठेवली नाही. मारली असती, दोन शब्द तोडून बोलली असती, तर मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले तरी असते.

डॉक्टरीणबाईंच्या त्या वाक्यातला 'शायद' मी वर्षानुवर्षं उगाळला आहे. शायद म्हणजे कदाचित वाचली असती; शायद म्हणजे कदाचित नसतीही. कधी मी त्या शब्दाचा आधार घेते, पण तो पेलत नाही. पाच महिने आधी ती त्या टेबलावर असायला हवी होती, एवढ्यात तरी 'शायद' नाही. ती सात ऋषींपुढे डोकं टेकून बसली होती आणि मी उद्याच्या प्रॅक्टिकलची आकृती पाठ करत होते. कुठल्या ऋषीला काही कळलं नाही. कपाटावरचा कागद मी तिच्या तेराव्या दिवशी ओढून काढला. खळ घट्ट होती. पाचव्या आकड्याच्या जागी दाराचा रंग निघून आला, आणि ते घर विकेपर्यंत तो पांढरा डाग तसाच राहिला.

त्या भाद्रपदात बाबा एका संध्याकाळी पोलोग्राउंडहून उशिरा परतले. वाट वाकडी करून मिलच्या फाटकाकडून आले होते. हातात आघाड्याची जुडी होती. ती त्यांनी माठावर ठेवली, हातपाय धुतले, जेवले. चार दिवसांनी ती वाळली तेव्हा त्यांनीच उचलून टाकली. पुढे कितीतरी वर्षं, मिलचा विषय निघाला की ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या हिनं मिलसाठी परत ऋषिपंचमी धरली होती. उद्यापन झालेलं, तरी." तेवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ मिलची म्हणून उरली होती. ती खरी नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. दया म्हणून की भीती म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. ती गोष्ट उलगडली असती, तर कागदही उलगडला असता.

मला लेकीचं सुख मिळालं आहे. मुग्धा चोवीस वर्षांची आहे, तोंडानं फटकळ, मराठी अर्धी हिंदीत बोलते. आज ऋषिपंचमी. सकाळी आम्ही तिघं टेबलाशी पोहे खात होतो. मी गोळी तळहातावर घेतली, सवयीनं कपाळाला लावली. मुग्धाचे बाबा पोह्यांवर लिंबू पिळत होते. मुग्धा जिलबी मोडता मोडता म्हणाली, "आई, गोळीला सहा महिने झाले ना? गुडघ्याचं तू डॉक्टरला सांगितलंस. ब्लीडिंग-बिडिंग तर नै होत ना काही? हुआ तो तुरंत बोल देना हां, शरमाना मत."

तिचे बाबा म्हणाले, "सेव इकडे सरकव जरा." तिनं सरकवली.

माझी मान खाली गेली. नवऱ्यासमोर हा शब्द ऐकून आजही, या वयात, या आजारात, सगळं भोगून झाल्यावरही माझे कान तापले. "नाही गं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मुग्धानं जिलबी तोंडात टाकली आणि मोबाइल उघडला. केवढा वेळ लागला तिला? एक जिलबी मोडेपर्यंतचा. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओटा धरून उभी राहिले.

आईचे केस ओले होते. अळूचं देठ तिच्या हातात होतं, अर्धं सोललेलं.

"अगं, ऐक ना," ती म्हणाली होती.